वीस मायक्रॉनचा थेंब

गणपती आटोपतात, पाऊस उघडीप देऊ लागतो आणि शहरातल्या गल्लीबोळांत संध्याकाळी एक ओळखीची घरघर ऐकू येते. रिकाम्या पिंपात एखादा भला मोठा भुंगा कोंडावा तसा तो आवाज. पाठोपाठ वळणावरून पांढरा लोट आत शिरतो आणि पोरं ओरडतात, “धुराची गाडी आली!” काही जण मुद्दाम त्या धुरात घुसून दिसेनाशी होतात. वरून आयांच्या हाका येतात, खिडक्या धडाधड लागतात, वाळत घातलेले कपडे ओढून घेतले जातात. पाच-सात मिनिटांत गल्ली पुन्हा दिसू लागते. डिझेलचा वास मागे राहतो आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चर्चा होते : यंदा धूर पातळ होता, औषध कमी टाकलं असणार.

फवारणी करणाऱ्या माणसाला हे नेहमी ऐकावं लागतं. धूर दाट असेल तर काम चोख, पातळ असेल तर हात मारला, असा सगळीकडे हिशेब असतो. हा हिशेब चूक आहे, आणि तो का चूक आहे हे समजायला दुसऱ्या महायुद्धातल्या एका यंत्राकडे जावं लागतं.

अमेरिकेत तेव्हा जहाजं आणि कारखाने शत्रूच्या विमानांपासून लपवण्यासाठी धुराचा पडदा हवा होता. रसायनशास्त्रातलं १९३२चं नोबेल मिळवलेले अर्व्हिंग लँगम्यूर आणि त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी त्यासाठी तेलाची वाफ करून तिचं धुकं बनवणारं यंत्र सिद्ध केलं. तेवढ्याच तेलात जास्तीत जास्त झाकायचं तर थेंब केवढा असावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर निघालं : व्यास साधारण ०.६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. प्रकाशलहरींच्या लांबीशी जुळणारा एवढा बारीक थेंब उजेड सर्वांत जोरात विखुरतो, म्हणून तो धूर सर्वांत पांढरा आणि सर्वांत दाट दिसतो.

युद्ध संपल्यावर याच जातीची यंत्रं डीडीटी फवारायला निघाली. टॉड शिपयार्ड्स या जहाजबांधणी कंपनीचं ‘टिफा’ हे त्यातलं गाजलेलं यंत्र. त्याच सुमारास संशोधक लॅटा, कोलंबिया विद्यापीठाचे व्हिक्टर लामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात डास ठेवून वेगवेगळ्या आकारांचे डीडीटीचे थेंब त्यांच्यावर सोडले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी पुढची दिशा ठरवली. लपवायला जो थेंब उत्तम, तो डास मारायला कुचकामी होता. उडत्या डासासाठी पुढे जो आकार मान्य झाला, तो ढोबळमानाने १० ते २० मायक्रॉनचा. म्हणजे सर्वांत पांढरा दिसणारा थेंब हवा त्याहून वीस-तीस पट बारीक असतो. गल्लीतल्या माणसाला जो धूर ‘भरपूर’ वाटतो, त्यातलं कितीतरी डिझेल डासाच्या अंगाला शिवतसुद्धा नाही.

का शिवत नाही? ओढ्यातला दगड आठवावा. प्रवाहातून येणारा पाला दगडाजवळ आला की पाण्याबरोबर वळसा घालून निघून जातो. ओंडका आला तर त्याला वळता येत नाही, तो दगडावर आदळतो. डासाच्या पायांभोवती, पंखांभोवती हवा अशीच वळते. एक-दोन मायक्रॉनचा थेंब हवेबरोबर वळून निघून जातो. १५-२० मायक्रॉनच्या थेंबाला स्वतःचं थोडं वजन असतं, तो सरळ जाऊन डासाला चिकटतो.

मग थेंब आणखी मोठा का करू नये? इथे घनफळाचं गणित आडवं येतं, आणि सगळ्या फवारणीचा जीव या गणितात आहे. थेंबाचा व्यास दहापट झाला की त्यातला द्रव हजारपट होतो. एक मिलिलिटर औषधाचे १० मायक्रॉनचे थेंब केले तर ते सुमारे १९० कोटी होतात. तेच १०० मायक्रॉनचे केले तर फक्त १९ लाख. शिवाय १०० मायक्रॉनचा थेंब तीन मीटर उंचीवरून दहा-बारा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला तेवढंच अंतर उतरायला स्थिर हवेत पंधरा मिनिटांहून जास्त लागतात. या पंधरा मिनिटांत डास उडतो, थेंबांना धडकतो आणि मरतो. मोठा थेंब तोवर फरशीवर पडून वाळलेला असतो. अर्धा मायक्रॉनचा थेंब तर खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. तो वाऱ्यावर दुसऱ्या वॉर्डात जातो.

एका डासाला मारायला किती विष लागतं, हेही मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या वायडहास आणि सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवलं की, अजिबात पातळ न केलेल्या मॅलॅथिऑनच्या २५ मायक्रॉन व्यासाच्या एका थेंबात तिथल्या खाऱ्या दलदलीतला एडिस जातीचा एक डास हमखास मरेल एवढा ऐवज असतो. एक डास, एक थेंब. त्याहून मोठ्या थेंबातलं वरचं सगळं औषध वाया. तेच औषध डिझेलमध्ये वीसपट पातळ केलं तर तेवढ्याच आकाराचे वीस थेंब त्याला लागायला हवेत. म्हणून मिश्रण बदललं की थेंबाचा आणि वेळेचा हिशेबही बदलतो. टाकीत औषध किती, एवढंच विचारून भागत नाही.

हा थेंब घडतो कुठे, ते खांद्यावरच्या यंत्रात बघण्यासारखं आहे. या यंत्राला फिरणारा एकही भाग नाही. दट्ट्या नाही, पंखा नाही. एक छोटा दहनकक्ष आणि त्याला जोडलेली लांब नळी. कामगार हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत दाब भरतो, बॅटरीवरची ठिणगी देतो, एक-दोनदा फुसफुस होते आणि मग यंत्र धरतं. पेट्रोल-हवेचा स्फोट होतो, गरम वायू नळीतून बाहेर धावतो, मागे पोकळी निर्माण होऊन नवी हवा आत ओढली जाते, पुन्हा स्फोट. सेकंदाला ८० ते १०० वेळा. एकदा ताल धरला की ठिणगीचीही गरज उरत नाही. १९४४च्या जूनपासून लंडनवर पडलेल्या जर्मनीच्या व्ही-१ उडत्या बॉम्बचं इंजिन याच तत्त्वावर चालत असे आणि त्याच्या घरघरीवरून लोक त्याला ओळखत. युद्धानंतर जर्मनीत त्याच तत्त्वाची हातात धरता येतील अशी लहान यंत्रं निघाली. आजही कॉन्स्टन्स सरोवराच्या काठच्या युबरलिंगेन गावी आणि तिथून फारसं लांब नसलेल्या इस्नीत अशी यंत्रं बनतात. गल्लीतली ती भुंग्याची घरघर तिथून आलेली आहे.

औषधाची टाकी वेगळी असते. तिच्यातलं मिश्रण एका बारीक नळीतून, त्याहून बारीक भोकाच्या नोझलमधून, लांब नळीच्या अगदी टोकाशी सोडलं जातं. टोकाशी का, तर आत सोडलं तर औषध जळून जाईल. टोकाशी वायू डिझेलची वाफ करण्याइतका गरम असतो, पण औषधाला तिथून बाहेर पडायला क्षणभरही लागत नाही. कुकरची शिट्टी होते तेव्हा भोकाला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरी वाफ त्याच्यापुढे सुरू होते. इथेही तसंच. तोंडाबाहेरच्या थंड हवेत डिझेलची वाफ निवते आणि तिचे थेंब होतात. थेंब कोणी फोडून बारीक करत नाही. तो गारव्यात जन्मतो.

म्हणूनच या यंत्रात थेंबाच्या आकाराचा कारभार मुख्यतः एका छोट्या तोटीवर आणि नोझलच्या भोकावर चालतो. इंजिनाची उष्णता ठरलेली आहे. तिला झेपेल तेवढंच मिश्रण सोडलं तर सगळ्याची वाफ होते आणि थेंब बारीक होतात. जास्त सोडलं तर वाफ अर्धवट होते, बाकीचं तसंच तुषार होऊन बाहेर पडतं. कामगार याला ‘ओला धूर’ म्हणतात. नळीच्या तोंडाशी तेल ठिबकतं, दारापुढची फरशी चिकट होते, कुंडीतल्या पानांवर डाग पडतात. गल्ली लवकर उरकायची म्हणून तोटी पूर्ण उघडली की हेच होतं. टाकी झटपट रिकामी होते, कागदावर लिटर भरतात, आणि औषध फरशीवर जातं.

याउलट मोटारीवर बसवलेली थंड धुक्याची यंत्रं थेंब खरोखर फोडतात. गरगर फिरणाऱ्या जोरदार हवेच्या झोतात औषध सोडलं की त्याच्या चिंधड्या होतात. हवेचा दाब वाढवला तर थेंब लहान, औषधाचा प्रवाह वाढवला तर मोठा. तिसरी तऱ्हा फिरत्या चकतीची : चकती जितकी वेगाने फिरेल तितका थेंब बारीक, आणि सगळे थेंब बरेचसे सारख्या आकाराचे. इंग्लंडमधले एडवर्ड बाल्स यांनी फिरत्या चकतीचे फवारे लोकांपर्यंत नेले आणि थेंबाचा आकार आधी ठरवून मग फवारायचं, असा आग्रह धरला. थंड धुक्याच्या यंत्रांना डिझेल फार थोडं लागतं किंवा लागतच नाही, आणि हेक्टरी अर्धा ते दोन लिटर द्रव पुरतो. धूर मात्र जवळपास दिसत नाही. लोकांना ही गाडी नुसतीच फिरून गेल्यासारखी वाटते. कामाच्या मानाने हा मोठा अन्याय आहे.

थेंब डोळ्यांना दिसत नाही, मग तो बरोबर आहे हे ओळखायचं कसं? याची एक सुरेख आणि स्वस्त रीत आहे. १९५० साली के. आर. मे या इंग्रज संशोधकाने ती नीट बसवून दिली. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी घ्यायची आणि तिच्याखाली मॅग्नेशियमची फीत पेटवायची. लखलखीत ज्योतीतून उठणारी पांढरी राख काचेवर पिठाच्या थरासारखी बसते. ही पट्टी काठीच्या टोकाला लावून यंत्रापासून काही अंतरावर धुक्यातून झपकन फिरवायची. थेंब थरावर आदळतात आणि प्रत्येक जण आपला गोल खड्डा पाडतो. पावसाची पहिली सर अंगणातल्या मऊ धुळीवर पडून जशी खळगी पाडते, तशीच ही खळगी, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. खड्डा थेंबापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून त्याचा व्यास मोजून ०.८६ने गुणायचं. शे-दोनशे खड्डे मोजले की यंत्राची कुंडली हातात येते.

त्या मोजणीतून जो आकडा काढतात, तो साधी सरासरी नसतो. एकूण द्रवाचा अर्धा भाग ज्या व्यासाहून लहान थेंबांत आणि अर्धा मोठ्या थेंबांत आहे, तो व्यास पकडायचा. याचं कारण पुन्हा तेच घनफळ. १० मायक्रॉनच्या हजार थेंबांत १०० मायक्रॉनचा एकच धटिंगण मिसळला तर संख्येच्या सरासरीवर त्याचा मागमूस लागत नाही. पण अर्धं औषध त्या एकट्याने गिळलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली हवेतल्या फवारणीवर एक हस्तपुस्तिका काढली. यंत्राचा प्रवाह आणि थेंब नियमाने तपासण्यावर तिचा भर आहे. नोझल झिजतं, भोक मोठं होतं, आणि ते झालेलं कोणाच्याही डोळ्यांना कळत नाही, काचपट्टीला कळतं. ज्या शहराकडे धुराची यंत्रं आहेत, त्याच्याकडे एक सूक्ष्मदर्शक आणि मॅग्नेशियमची फीत असलीच पाहिजे. तेवढं नसेल तर निदान पांढरा कागद : धुरासमोर दोन-तीन मीटरवर काही क्षण धरला आणि त्यावर तेलाचे ठिपके उमटले, तर तोटी कमी करायची वेळ झाली आहे.

थेंब अचूक घडला तरी पुढचं काम हवेच्या हाती असतं. हिवाळ्यात सकाळी गावात चुलींचा धूर वर न जाता घरांच्या छपरांवर चादरीसारखा पसरलेला दिसतो. जमीन गार, वरची हवा तुलनेने उबदार, म्हणून धूर दबून राहतो. फवारणीला अशीच हवा लागते : पहाटेनंतरची किंवा सूर्य कलल्यानंतरची. भर दुपारी तापलेल्या डांबरावरून हवा वर उसळते आणि वीस मायक्रॉनचा थेंब तिच्याबरोबर गच्चीच्या वर निघून जातो. वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर धुकं विरतं, आणि अगदीच नसेल तर ते जिथल्या तिथे राहतं. वाऱ्याची दिशा पाहून फवारणी वाऱ्याच्या खालच्या टोकापासून सुरू करत वरच्या अंगाला सरकायचं असतं, म्हणजे धूर मागे राहतो आणि माणूस स्वच्छ हवेत. घरात फवारायचं तर सर्वांत आतल्या खोलीपासून सुरुवात करून पाठमोरं दाराकडे यायचं.

आणि घर हाच तर खरा अडचणीचा मुद्दा आहे. डेंगी पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी गटारात राहत नाही. ती पलंगाखाली, कपाटाच्या मागे, खुंटीवरच्या शर्टांच्या घडीत विसावते आणि दिवसाउजेडी चावते, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. तिची अंडी कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरात. रात्री कानाशी गुणगुणून ज्याने झोप उडवली म्हणून तक्रार होते, तो बहुधा घाण पाण्यातला क्युलेक्स असतो; तो डेंगी देत नाही. गाडी रस्त्यावरून जाते तेव्हा थेंब घरात शिरायला दारं-खिडक्या उघड्या हव्यात, आणि नेमक्या त्याच क्षणी सगळ्या लागतात. आईचं खिडकी लावणं चूक म्हणता येत नाही. लेकराच्या श्वासात तो धूर जाऊ नये असं कोणत्याही आईला वाटणारच. फवारणीच्या आधी सूचना देणं, अन्न-पाणी झाकायला सांगणं, माणसांना थोडा वेळ बाहेर थांबवून घर उघडं ठेवायला लावणं, धूर निवल्यावर आत जाऊ देणं, हे काम यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे, आणि तेच गाळलं जातं.

रुग्ण सापडलेल्या घरात म्हणूनच वेगळी रीत आहे. भारतात त्यासाठी पायरेथ्रमचा २ टक्के अर्क वापरतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून तो काढतात. एक भाग अर्क आणि १९ भाग रॉकेल, म्हणजे ०.१ टक्क्याचं मिश्रण, हातपंपाने खोलीत फवारतात. गॅस-शेगडी आधी विझवावी लागते, कारण हवेत रॉकेल आहे. इथे थेंब योग्य ठिकाणी पोहोचतो, कारण माणूस त्याला घेऊन पलंगापर्यंत गेलेला असतो.

एवढं करूनही फवारणीच्या ताकदीबद्दल भ्रम नको. एसू आणि सहकाऱ्यांनी २०१० साली घरांभोवतीच्या फवारणीवरचे जगभरातले १५ अभ्यास तपासले. एकट्या फवारणीने डेंगीचा प्रसार रोखला जातो असा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. धुराने उडता डास मरतो, ताटलीतली अळी मरत नाही, आणि उबदार दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’, विहिरीत सोडलेले गप्पी मासे, झाकलेली टाकी, ही कामं धुराइतकी दिसत नाहीत. साथ पेटलेली असताना, रुग्णाच्या घराभोवती, आत-बाहेर, ठरलेल्या दिवसांनी पुन्हा पुन्हा केलेली नेमकी फवारणी उपयोगी पडते. सणासुदीला मागणी झाली म्हणून सगळ्या वॉर्डातून गाडी फिरवणं हे औषध आणि माणसाची छाती, दोन्ही झिजवणं आहे.

छातीची गोष्ट जपून बोलायला हवी. डासाला चिकटणारा थेंब नाकाघशात अडकतो, आणि त्याहून बारीक, दहा मायक्रॉनच्या आतला, फुप्फुसात खोलवर उतरतो. धुरात दोन्ही असतात. गाडीमागे पळणारं पोर तो धूर पाच मिनिटं घेतं. यंत्र खांद्यावर घेणारा माणूस हंगामभर घेतो. त्याच्या तोंडावर बहुतेक वेळा रुमाल असतो. रुमालाने डिझेलची वाफही अडत नाही आणि थेंबही अडत नाही. त्याला वाफ शोषणारा मुखवटा, हातमोजे, कानाला संरक्षण आणि कामानंतर आंघोळीला पाणी हवं, आणि हे मागण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

थेंब लहान झाला की काय होतं, ते महाराष्ट्राने २०१७च्या खरिपात यवतमाळमध्ये पाहिलं. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, औषधांची मिश्रणं आणि फवारणाऱ्यांच्या अंगावर साधा सदरा. शेतकरी आणि शेतमजूर मिळून वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळच्या चर्चेत एक कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं : बॅटरीवर चालणारे नवे स्वस्त पंप, जे जुन्या पाठीवरच्या पंपांपेक्षा जोरात आणि बारीक फवारत होते. पानावर औषध बसवायचं तर थेंब १०० ते ३०० मायक्रॉनचा लागतो. तो पानावर जाऊन टेकतो. त्याहून बारीक झाला की तो हवेत तरंगतो आणि फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. गल्लीत वीस मायक्रॉनचा थेंब हवा असतो, शेतात तोच घातक ठरतो. दोन्हीकडे माणसं त्या द्रवाला ‘औषध’च म्हणतात.

शेवटची टाकी संपत आली की खांद्यावरचं यंत्र बंद करण्याचा एक क्रम आहे, आणि जुना कामगार तो कधी मोडत नाही. आधी औषधाची तोटी बंद. इंजिन तसंच चालू ठेवून नळीत उरलेलं सगळं बाहेर पडू द्यायचं. धूर पातळ होत जातो, निळसर होतो, मग नुसती गरम हवा उरते. त्यानंतरच इंजिन थांबवायचं. हा क्रम उलटा झाला तर तापलेल्या नळीत डिझेल ठिबकतं आणि तोंडातून हातभर ज्वाळ निघते. यंत्र थांबलं तरी नळी बराच वेळ हात लावण्याजोगी नसते. कामगार ते मोकळ्या जागी, गवत आणि कागदापासून दूर, फरशीवर ठेवतो, मुखवटा उतरवतो, आणि नोझल फिरकीने सोडवून त्याचं बारीक भोक उजेडाकडे धरून बघतो.